धनजची नाइट शिफ्ट

पुण्यात रात्री अडीच वाजता जागं कोण असतं? अमेरिकन क्लायंटवाले, कॉल सेंटरवाले, हॉस्पिटलवाले, भुर्जीच्या गाडीवाले आणि त्यांचे ठरलेले गिऱ्हाईक. आपली एक वेगळीच जमात आहे, बॉस! दिवसा पडदे ओढून झोपायचं, संध्याकाळी सातला 'गुड मॉर्निंग' म्हणत लॉग-इन करायचं आणि तीन वाजता डोळे मिटायला लागले की कानात हेडफोन कोंबायचे. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या वेळी लागतं ते क्लासिक रॉक. डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड. आपल्या जन्माआधीची गाणी, पण रात्र काढायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

पण रात्रपाळी फक्त हिंजवडीत आणि खराडीत चालते असं वाटत असेल, तर एकदा जानेवारीत धनजला जाऊन या. धनज बुद्रुक, तालुका कारंजा, जिल्हा वाशिम. कारंजा-अमरावती रस्त्यावरचं गाव. माझं आजोळ. तिथले लोकही रात्री अडीचला जागे असतात. लॅपटॉपसमोर नाही, हरभऱ्याच्या वावरात. आणि त्यांनाही रात्र काढायला एक स्टेशन होतं. अख्ख्या देशासाठी एकच, रात्रभर चालणारं, तेही दहा लाख वॅटचं!

गाडी पुढे, स्टेशन मागे

यंदा ऑफिसातल्या दोघांना सोबत घेतलं आणि गाडी काढली. एक अट मीच घातली होती. जाताना फोनवरची गाणी लावायची नाहीत. गाडीतला रेडिओ जे ऐकवेल ते ऐकायचं. दोघांनी तोंडं वाकडी केली, पण पेट्रोल माझं होतं.

करून बघा हा प्रयोग, मजा येते. पुण्यात बटण दाबाल तिथे आरजे. शिक्रापूरच्या पुढे त्याच्या विनोदात खरखर मिसळायला लागते. मग अहिल्यानगरची स्टेशनं ताबा घेतात, तीही थोड्या वेळात दमतात. मग छत्रपती संभाजीनगर. तिथून समृद्धी महामार्ग पकडला की जालना, सिंदखेड राजा, मेहकर अशा पाट्या भराभर मागे जातात आणि रेडिओचा आकडा नुसता गोल गोल फिरत राहतो. मधेच एखादं स्टेशन लागतं, दोन ओळी ऐकवतं आणि गायब होतं. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा झाल्यावर ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता पूर्ण झाला. रस्ता सलग आहे, पण रेडिओचे मात्र तुकडे तुकडे.

'असं का?' असं मागच्या सीटवरून विचारलं गेलं. त्याचं उत्तर टॉवरमध्ये आहे.

एफएमची लहर साधारण सरळ रेषेत जाते. टॉवरच्या टोकावरून जिथवर 'दिसतं', तिथवर ती ऐकू येते. पृथ्वी गोल, त्यामुळे शंभर मीटरचा टॉवर असला तरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर क्षितिज आडवं येतं. पॉवर दमदार असेल तर अजून थोडं पुढे, मधे टेकडी असेल तर अलीकडेच खेळ खल्लास. म्हणजे प्रत्येक एफएम स्टेशन हे नकाशावर कंपासने काढलेलं एक वर्तुळ असतं. त्यात खाजगी एफएम निघालं ते शहरांसाठी. २००१ मध्ये बंगळूरला रेडिओ सिटी सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत लिलाव होत होत ही वर्तुळं मोठ्या शहरांवरून जिल्ह्याच्या शहरांवर आली. जिथे जाहिराती, तिथे टॉवर. सरळ हिशोब आहे.

आता धनज बघा. अकोल्याला आकाशवाणी आहे, यवतमाळला आहे. धनज दोन्हींपासून पन्नास-साठ किलोमीटरच्या पल्ल्यावर. म्हणजे दोन्ही वर्तुळांच्या काठावर. २८ एप्रिल २०२३ ला देशात एकाच दिवशी शंभर वॅटची ९१ एफएम प्रक्षेपण केंद्रं सुरू झाली. भर होता तो सीमाभागावर आणि आकांक्षित जिल्ह्यांवर. वाशिम हा आकांक्षित जिल्ह्यांपैकीच एक. पण शंभर वॅटचा आवाज शहर आणि आजूबाजूची गावं एवढाच पोचतो, आणि धनज तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे एफएम 'लागत' नाही, ते 'पकडावं' लागतं. गच्चीवर जाऊन, अँटेना पूर्ण ओढून, एका ठरावीक कोपऱ्यात उभं राहून.

मामांचं क्लासिक रॉक

कारंज्याला समृद्धीवरून उतरलो आणि अमरावतीच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे काळीभोर जमीन, तुरी कापणीला आलेल्या, वेचून संपत आलेला कापूस, मधेमधे हिरवागार हरभरा. मामांच्या अंगणात गाडी लागली आणि पहिल्या दहा मिनिटांत चहा, दुसऱ्या दहा मिनिटांत 'जेवूनच घ्या'. रोडगे, वांग्याची भाजी आणि वर कच्चं तेल. माझा डाएटवाला मित्र चौथ्या रोडग्यानंतर गप्प झाला.

जेवण झाल्यावर त्याने फोनच्या छोट्या स्पीकरवर त्याचं लाडकं गिटार लावलं. मामा बाजेवर बसून शांतपणे ऐकत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "हे तं आपल्या 'दम मारो दम'वानी हाय."

आम्ही हसलो, पण मामांचं काही चुकलं नव्हतं. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'साठी राहुल देव बर्मननी जे गिटार वाजवून घेतलं, ते भूपिंदर सिंग यांचं. हो, तेच पुढे गझलवाले भूपिंदर. त्याच्याही आधी, १९६६ च्या 'तीसरी मंझिल'मध्ये शम्मी कपूरने रॉकी नावाचा ड्रमर रंगवला होता. म्हणजे लंडन-अमेरिकेत जे चाललं होतं त्याचा ठेका धनजला वेळेवर पोचला होता. फक्त त्यावर 'रॉक' असं लेबल नव्हतं आणि तो कॅसेटवरून नाही, रेडिओवरून आला होता.

तसं बघितलं तर 'क्लासिक रॉक स्टेशन' म्हणजे काय हो? अमेरिकेत १९८० च्या दशकात हा प्रकार जोरात आला. नवीन गाण्यांच्या मागे न धावता साठ-सत्तरच्या दशकांतली, लोकांना पाठ असलेली गाणी पुन्हा पुन्हा लावायची. ऐकणारा गाणं शोधायला येत नाही, भेटायला येतो. आता सांगा, हे आपल्याकडे आधीपासून कोण करत होतं? विविध भारती!

त्याची स्टोरीपण भारी आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांनी काय केलं? सुई सरळ रेडिओ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अख्खा देश बुधवारी रात्री रेडिओला चिकटला. शेवटी आकाशवाणीनेही ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली. 'भूले बिसरे गीत', 'हवामहल', फौजी भावांची 'जयमाला', रात्रीचं 'छायागीत', ही नावं आपल्या आईबाबांना आजही झोपेत विचारली तरी सांगतील. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. म्हणजे या बाबतीत विदर्भ मागे नव्हता.

दहा लाख वॅट

विदर्भाच्या रेडिओची राजधानी नागपूर. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, तेव्हा नागपूर सीपी अँड बेरार प्रांताची राजधानी होतं आणि धनज त्याच प्रांतातल्या वऱ्हाडात. आजही सिव्हिल लाईन्समधल्या चौकाचं नाव आकाशवाणी चौक आहे. पण खरा पहेलवान शहराबाहेर होता, बुटीबोरीला. एक हजार किलोवॅटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर. दहा लाख वॅट! शंभर वॅटचे दहा हजार बल्ब एकदम पेटवा, एवढी ताकद.

हा एवढा मोठा ट्रान्समीटर नागपुरातच का? कारण नागपूर देशाच्या मध्याला आहे. इथून चारी दिशांना देश जवळजवळ सारखाच पसरलाय. आणि मीडियम वेव्हची रात्रीची एक खास गंमत असते. दिवसा ही लहर जमिनीला धरून चालते. वर आकाशाकडे गेलेला भाग वातावरणातला एक थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि मग तीच लहर आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब जमिनीवर उतरते. दिवसा जे स्टेशन जिल्ह्यापुरतं, ते रात्री देशभर. युरोपात पन्नास-साठच्या दशकांत ब्रिटिश पोरं पांघरुणात ट्रान्झिस्टर घेऊन रेडिओ लक्झेंबर्ग ऐकायची, ते याच जोरावर. रॉक अँड रोल तिकडे रात्रीच्या मीडियम वेव्हवर वाढला, असं म्हटलं तरी चालेल.

मीडियम वेव्हचे टॉवरही वेगळे. एफएमच्या टॉवरवर अँटेना बसवलेली असते. मीडियम वेव्हमध्ये सहसा टॉवर स्वतःच अँटेना असतो. अख्खा लोखंडी मनोरा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा, जमिनीपासून तोडलेला. आणि त्याच्या पायाशी मातीखाली चारी बाजूंना तांब्याच्या तारा पसरलेल्या, झाडाच्या मुळांसारख्या. जमीन जेवढी ओलसर, तेवढी लहर लांब चालते.

१८ मे १९८८ ला आकाशवाणीने 'नॅशनल चॅनल' सुरू केलं. स्टुडिओ दिल्लीत, पण मुख्य आवाज नागपूरचा, १५६६ किलोहर्ट्झवर. संध्याकाळी सुरू व्हायचं ते सकाळीच थांबायचं. हिंदी-इंग्रजी बातम्या, गाणी, गप्पा. देशात बाकी स्टेशनं रात्री अकरा-बाराला शुभरात्री म्हणून झोपायची, तेव्हा हे जागं असायचं.

थोडक्यात काय, देशाची नाइट शिफ्ट वऱ्हाडाच्या शेजारून चालायची.

वावरातली ड्युटी

रात्री साडेअकराला मामा स्वेटर, मफलर, कानटोपी घालून तयार. हातात बॅटरी, काठी आणि एक जुना रेडिओ, रबरबँडने बांधलेला. "चला म्हटलं येत असान तं."

वाऱ्याने दात वाजत होते. शेतीपंपांची लाईन या आठवड्यात रात्रीची होती. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. वीज रात्री येणार तर पाणीही रात्रीच द्यायचं. पंप सुरू करायचा, एका भागात पाणी झालं की पाइप बदलायचे, पुन्हा थांबायचं. शिवाय जागल आहेच. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत हरभऱ्याचा पार चुराडा करतात. म्हणून माळ्यावर बसायचं, अधूनमधून हाळी द्यायची, डबा वाजवायचा. शिफ्ट अलाउन्स नाही, कॅब नाही, वीकेंड तर नाहीच नाही. आणि अंधारात पायाखाली साप आला तर तिथे एचआरला मेल करता येत नाही.

माळ्यावर चढून बसलो. खाली पंपाची घरघर, वर नुसत्या चांदण्या. पुण्यात एवढ्या चांदण्या असतात हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही. फोनची रेंज एक दांडी, तीही येऊन-जाऊन.

मामांनी रेडिओ लावला. आधी मीडियम वेव्ह. सुई पार उजव्या टोकाकडे नेली, जिथे पूर्वी रात्रभर नागपूर असायचं. सवयीने रेडिओ इकडून तिकडे फिरवला. मीडियम वेव्हच्या रेडिओत आत काळ्या दांडीची अँटेना असते, तिची दिशा जमली की आवाज खुलतो. पण त्या जागी नुसता सूं-सूं आवाज.

"इथंच लागे ते," मामा म्हणाले. "मधीच आवाज बुडे, मंग वर ये. पन तिकडून मानूस बोलते ना, तेवढ्यानं बरं वाटे. आपनच जागे नाही, तोबी जागा हाय."

आवाज बुडायचा आणि वर यायचा, त्यालाही कारण आहे. धनज बुटीबोरीपासून साधारण दीडशे किलोमीटर. एवढ्या अंतरावर जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकमेकींना भेटतात. कधी हातात हात घालतात, कधी एकमेकींना ढकलतात. हे सगळं मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पाइप बदलायला खाली उतरले.

नॅशनल चॅनल २०१९ च्या जानेवारीत बंद झालं. आदेश प्रसार भारतीचा होता, डिसेंबर २०१८ चा. खर्च कमी करायचा म्हणून. हिशोबाच्या बाजूने बघितलं तर चूक म्हणता येणार नाही. दहा लाख वॅटचं यंत्र रात्रभर चालवायचं म्हणजे विजेचं बिल किती येत असेल, विचार करा. ऐकणारे किती, हे मोजता येत नाही. जाहिराती नाहीत. आणि 'आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे' हा मुद्दा तर मीटिंगमध्ये कुणीही मांडेल. मी पण मांडला असता.

माळ्यावर बसल्यावर मात्र त्या मुद्द्यातली गोम कळते. मोबाइलला शेजारी टॉवर लागतो, त्या टॉवरला वीज लागते, तुमच्या फोनला चार्जिंग लागतं, खिशात डेटा पॅक लागतो आणि दोन्ही हात कोरडे लागतात. रेडिओला दोन सेल. एक टॉवर दीडशे किलोमीटरवरून एकाच वेळी लाखो लोकांना ऐकवू शकतो आणि ऐकणारे वाढले म्हणून त्याचा वेग कमी होत नाही. पावसाळ्यात वीज कडाडून गावाची लाइट दोन दोन दिवस जाते, तेव्हा हा फरक फारच मोठा होतो.

आणि मामा म्हणाले ती दुसरी गोष्ट. आपल्या प्लेलिस्टमध्ये गाणी सगळी असतात, पण पलीकडे कुणी नसतं. 'आत्ता दोन वाजले आहेत' असं कुणीतरी म्हणत नाही. रात्रभर जागणाऱ्याला गाण्याइतकंच ते वाक्य लागतं. म्हणून तर आपण तीन वाजता उगाच टीमच्या ग्रुपवर 'कोण जागं आहे?' असं टाकतो, खरं की नाही?

मग मामांनी बँड बदलला. एफएम. अँटेना पूर्ण वर, रेडिओ माळ्याच्या खांबाला टांगलेला. माळ्याची चार हात उंचीसुद्धा इथे उपयोगी पडते. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि एकदम किशोरकुमार! कुठल्या टॉवरवरून आला कोण जाणे. अकोला असेल, यवतमाळ असेल. तीन मिनिटं सलग, स्वच्छ. क्लासिक रॉकवाला माझा मित्र न सांगता ठेका धरून बसला होता. गाणं अर्ध्यात विरलं, तेव्हा तोच हात लांब करून अँटेना फिरवायला लागला.

"काय वं पोरी, झोप येऊन राहिली का?" मामांनी खालून विचारलं.

"नाही मामा, आमची सवयच आहे. तुम्ही बसा, पुढचा पाइप आम्ही बदलतो."

तो बदलायला आम्हा तिघांना वीस मिनिटं लागली. मामांना पाच लागतात.

जायचंय?

कधी : डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. हरभरा हिरवा असतो, शेकोटीवर भाजून खायला मिळतो आणि आकाश स्वच्छ असतं. थंडीचे कपडे विसरू नका. वऱ्हाड म्हणजे फक्त ऊन, हा पुण्या-मुंबईचा गैरसमज आहे.

कसं : गाडीने समृद्धीवरून कारंजा इंटरचेंज, तिथून अमरावती रस्ता. रेल्वेने येणार असाल तर मूर्तिजापूर किंवा बडनेरा आणि पुढे एसटीने. समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही, बुलेटवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणखी काय : कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, तिथलं गुरुमंदिर बघा. जुनी जैन मंदिरंही आहेत. कारंजा-सोहोळ अभयारण्यात पहाटे गेलात तर काळवीट दिसण्याची शक्यता चांगली.

सोबत : दोन सेलचा एक साधा रेडिओ. एफएम आणि मीडियम वेव्ह, दोन्ही असलेला. आकाशवाणीचं ॲप फोनवर आहेच, विविध भारती त्यावर झकास ऐकू येते. पण ते शहरात ऐका. इथे सुई फिरवा.

एक शेवटची टीप. धनजहून परतल्यावर माझ्या टीमने एक नियम केलाय. रात्री तीन वाजता जो कुणी शिफ्टला असेल त्याने ग्रुपवर एक जुनं गाणं टाकायचं आणि वेळ लिहायची, बस्स. मामांनाही ग्रुपमध्ये घेतलंय. त्यांची रेंज दोन-तीन दिवसांतून एकदा येते आणि मग तेवढ्या रात्रींची उत्तरं एकदम येऊन पडतात. परवा पहाटे आलेलं सगळ्यात वरचं उत्तर होतं : "पाच वाजले. पानी झालं. आता तुमीबी झोपा."